ही मॅच संपू दे

रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. ताटं वाढून झाली होती, आमटी निवत चालली होती आणि मुलगा आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेला. दोन हाका वाया गेल्या. तिसरीला उत्तर आलं, "आलो, ही मॅच संपू दे." मी उठलो, आत गेलो आणि त्याच्या हातातून मोबाईल हिसकावला. त्याने माझं मनगट धरलं. तेरा वर्षांच्या पोराच्या मुठीत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या क्षणी मी त्याच्या कानाखाली वाजवली.

सगळं घर गप्प झालं. गेम मात्र चालूच होता. माझ्या हातातल्या मोबाईलमधून कुठल्यातरी मुलाचा आवाज येत होता, "अरे, कुठं गेलास? रिव्हाइव्ह दे ना, मरतोय मी इथं."

त्या रात्री झोप लागली नाही. मनगटावरची त्याची पकड जाणवत राहिली आणि वाचलेल्या बातम्या एकेक करून आठवत गेल्या. २०१९ मध्ये भिवंडीत पब्जी या मोबाईल गेमवरून रागावलेल्या थोरल्या भावाचा धाकट्याने जीव घेतला होता. जून २०२२ मध्ये लखनौत सोळा वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली; पब्जी खेळू दिलं नाही म्हणून, असं पहिल्या दिवशी सगळीकडे छापून आलं होतं. माझा मुलगा त्या वाटेवर आहे की काय, ही भीती खरी होती. आज त्या भीतीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. लेकराची काळजी असलेल्या कुणाच्याही मनात ती येणारच.

पण पहाटेकडे एक वेगळीच गोष्ट टोचायला लागली. लखनौच्या बातमीतलं पिस्तूल वडिलांचं होतं, परवान्याचं, घरात ठेवलेलं. ते मी तेव्हाही वाचलं होतं, तरी माझ्या लक्षात राहिला तो फक्त गेम.

मी स्वतः हे खेळ खेळलेला माणूस आहे. २००३ च्या सुमारास सांगलीत आमच्या घराजवळ एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. आम्ही सहा मित्र तिथे काउंटर-स्ट्राइक खेळायचो. अर्धे अतिरेकी, अर्धे कमांडो. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला हेडशॉट मारायचा आणि त्याच्याच पैशाने वडापाव खायचा, अशी दोन वर्षं गेली. आम्ही एकमेकांना किती हजार वेळा मारलं असेल त्याचा हिशेब नाही. आज आमच्यातला एक बँकेत आहे, एक एसटीत कंडक्टर, एकाचं औषधांचं दुकान, एकाची तासगावला द्राक्षबाग. एकावर मात्र बायकोला मारहाण केल्याची केस झाली. तो आमच्यात सगळ्यात कमी खेळायचा, कारण त्याच्याकडे पैसे नसायचे. त्याच्या घरातून रात्री येणारे आवाज मात्र सगळ्या गल्लीच्या ओळखीचे होते.

सहा जणांवरून नियम बसवता येत नाही, हे मला कळतं. म्हणून मग त्या आठवड्यात मी वाचायला लागलो. हा वाद माझ्या वयापेक्षा जुना निघाला. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा गेम आला. त्यात पडद्यावरच्या काड्यांसारख्या आकृत्यांना गाडीखाली चिरडायचं असे. तेव्हाही लोक खवळले होते. मग एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाईनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एक शिक्षक मारला. ती दोघं 'डूम' खेळायची, हे जगभर झालं. 'डूम' त्या काळात लाखो मुलं खेळत होती. त्या दोघांच्या हातातल्या बंदुकांपैकी तीन मात्र ओळखीच्या एका मुलीने बंदुकांच्या प्रदर्शनातून विकत घेऊन दिल्या होत्या.

संशोधक हे मोजतात कसं, ते वाचून मी थोडा थबकलो. प्रयोगशाळेत कुणाला मारामारी करू देता येत नाही. म्हणून गेम खेळून झाल्यावर, समोर न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा आणि किती वेळ आवाज सोडायचा, ते माणसाला ठरवू देतात. काही प्रयोगांत दुसऱ्याला किती तिखट सॉस खाऊ घालायचा हे विचारतात. मारधाडीचे गेम खेळलेली मुलं यात थोडा जास्त आवाज, थोडं जास्त तिखट देतात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. यावरून चिडकेपणाबद्दल काही म्हणता येईल. सुऱ्याबद्दल आणि पिस्तुलाबद्दल म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एपीएने, २०१५ मध्ये आक्रमकतेशी संबंध आहे असा ठराव केला होता. २०२० मध्ये तिनेच स्पष्ट केलं की गेममुळे प्रत्यक्ष हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या हजारभर ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांनी आईवडिलांना विचारलं. तिथेही गेम आणि आक्रमक वागणं यांची सांगड बसली नाही. जपानमध्ये आणि दक्षिण कोरियात घरोघरी गेम आहेत, आणि बंदुकीने मरणारी माणसं अमेरिकेच्या मानाने अगदीच थोडी.

कॅलिफोर्नियाने लहान मुलांना असे गेम विकायला बंदी केली होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. निकाल लिहिताना न्या. स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांमधल्या क्रौर्याची आठवण करून दिली. मला आमची दिवाळी आठवली. टिकल्यांचं पिस्तूल माझ्या हातात आजोबांनी दिलं होतं आणि किल्ल्यावर अफझलखानाचा कोथळा काढणारे मातीचे महाराज आईने स्वतः रंगवले होते.

आपल्याकडे बंदी हा पहिला उपाय असतो. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळणाऱ्या मुलांना अटक केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत पब्जीबंदीची याचिका केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पब्जी बंद केला, तो चीनशी असलेल्या तणावातून आणि सुरक्षेच्या कारणाने. पुढच्याच वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. आता त्यात रक्त हिरवं दिसतं. माझ्या मनगटावरची पकड त्या हिरव्या रंगाने सैल झाली नव्हती.

या खेळांत काहीच वाईट नाही असं मी म्हणत नाही. झोप जाते, अभ्यास जातो. माईकवर ऐकू येणाऱ्या शिव्या बापालाही न झेपणाऱ्या असतात. गेमिंगचं व्यसन हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं आहे. या तक्रारी मी मोठ्या आवाजात करीन. पण त्या खुनाच्या तक्रारी नाहीत. आणि दोन्ही एकत्र केल्या की मुलाला आपण काय म्हणतोय ते ऐकूच येत नाही.

चौथ्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, दाखव. आधी तो संशयाने बघत राहिला, मग दाखवू लागला. विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या मारतात. घरांमधून बंदुका, औषधं, हेल्मेटं गोळा करायची. त्याला ही मुलं लूट म्हणतात. भोवतीचा निळा झोन लहान होत जातो, बाहेर राहिलेला मरतो. चौघांचं स्क्वॉड. अर्ध्या तासाने शेवटचे दहाएक जण उरले तेव्हा त्याचा एक साथीदार नॉक झाला आणि उघड्या गवतात रांगू लागला. "सोडून दे त्याला," असं माझ्याही तोंडून निघून गेलं. मुलाने धूर सोडला, गोळ्यांमधून पालथा सरपटत गेला आणि त्याला रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पुन्हा उठवायला, त्याच्याजवळ बसून राहिला. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. या मुलाचा श्वास थांबलेला. साथीदार उठला. दोघंही पुढच्या मिनिटाला मेले.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"साताऱ्याचा आहे. बघितलं नाही कधी."

मग मी त्या रात्रीबद्दल विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाबा, आम्ही शेवटच्या सहात होतो. तीन दिवस त्यांनी मला घेतलंच नाही."

हा खेळ मध्येच थांबवता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. समोर खरी मुलं असतात, ती थांबत नाहीत. गल्लीत आमची शेवटची ओव्हर चालू असताना आई हाक मारायची तेव्हा आम्हीही "आलो, आलो" म्हणत राहायचो. पण आई गॅलरीत उभी असायची. किती बॉल उरलेत ते तिला दिसायचं, आणि तेवढं ती थांबायची. माझ्या मुलाची ओव्हर मला दिसत नव्हती. त्या रात्री आमच्या घरात मारहाण झाली, ती मी केली. त्याने फक्त माझं मनगट धरलं होतं. मी त्याची माफी मागितली.

आता साडेआठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही असं दोघांनी ठरवलं आहे, आणि रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतो. तो कधी कधी हे मोडतो. मी ओरडतो. हात उचलत नाही.

आज रात्री अनेक घरांत हे भांडण होणार आहे. ज्यांच्या घरी होईल त्यांना माझी विनंती आहे: मोबाईल ओढण्याआधी किती मिनिटं उरली आहेत ते विचारा, आणि तेवढी मिनिटं त्याच्या शेजारी बसा.