आज रोख, उद्या उधार

किराणा दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असायची. नाशिकच्या जुन्या पेठांतून ती अधूनमधून अजूनही दिसते. भाषाविज्ञानाच्या तासाला 'आज', 'इथे', 'मी' असे शब्द शिकवताना मी याच पाटीचा आधार घेतो. या शब्दांना स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. कोण, कुठे आणि केव्हा बोलतो आहे यावरून तो ठरतो. (मराठीने तर 'परवा' हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांना देऊन ऐकणाऱ्यावर आणखी भार टाकला आहे.) पाटीवरचा 'आज' रोज नव्या तारखेला जाऊन बसतो, आणि उधारीचा दिवस कधीच उगवत नाही. ही खोट कळायला उद्यापर्यंत थांबावे लागत नाही. दुकानदाराच्या कॅलेंडरचे एक पान आधीच फाडून पाटी पुन्हा वाचली तरी पुरते.

माझी भाची सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. तिच्या कामातला बराच भाग म्हणजे हे पान फाडणे होय, असे मला तिच्याशी बोलताना जाणवले. वय, व्याज, मुदत, निवृत्ती यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम संगणकाच्या घड्याळाला 'आज कोणती तारीख?' असे विचारत असतो. पुढच्या वर्षीच्या एखाद्या दिवशी तो नीट चालेल की नाही, हे पाहण्यासाठी वर्षभर कोण थांबणार? तेव्हा घड्याळालाच खोटे बोलायला लावायचे.

याचा सर्वांत मोठा प्रयोग १९९९ च्या आसपास झाला. वर्षाचे दोनच अंक साठवणारे प्रोग्रॅम '००' म्हणजे १९०० समजतील, या भीतीने जगभर तपासण्या झाल्या आणि त्या कामात भारतीय अभियंत्यांचा वाटा मोठा होता. संगणकाचे घड्याळ ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्रीआधी काही मिनिटांवर आणून ठेवायचे आणि वाट पाहायची, अशी ती साधी रीत होती. पण संपूर्ण यंत्राचे घड्याळ हलवले की त्याच्यावर विसंबलेले बाकीचेही फसतात. पासवर्डांची मुदत संपते, भाड्याने घेतलेली सॉफ्टवेअरे बंद पडतात, ठरावीक दिवशी व्हायची कामे अवेळी सुरू होतात. म्हणून पुढे अधिक नाजूक उपाय आले. प्रोग्रॅम आणि घड्याळ यांच्यामध्ये एक तोतया बसवायचा. यंत्रातल्या इतरांना खरी वेळ मिळते, या एकट्याला मात्र तोतया सांगेल ती.

हे सारे मी कुतूहलाने ऐकत होतो. ते कुतूहलापुरते राहिले नाही, याचे कारण माझे वडील.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची नोंदीतली जन्मतारीख १ जून १९४४. महाराष्ट्रातल्या वाचकांना या '१ जून'चे रहस्य सांगायला नकोच. जन्माची नोंद नसलेले पोर शाळेत आले की गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकत. वडिलांची तारीख त्यांच्या गुरुजींनी लिहिली, आणि पुढे वडिलांनीही कित्येक मुलांना तीच तारीख दिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ते ३१ मे २००२ रोजी निवृत्त झाले. इथवर सारे सुरळीत होते. मध्यंतरी मात्र हयातीच्या दाखल्याच्या वेळी एका कार्यालयाच्या संगणकावर त्यांची जन्मतारीख ३१ मे १९४४ अशी उमटली. आधार कार्डाशी ती जुळेना, दाखला परत आला, निवृत्तिवेतन अडकले. "तुम्हीच चुकीची दिली असेल," असे त्यांना ऐकवण्यात आले. ज्याने आयुष्यभर रजिस्टरे लिहिली, त्याला हे बोल किती लागले असतील!

त्या कार्यालयात नेमके काय बिघडले, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. पण असे होऊ कसे शकते, हे भाचीने आपल्या लॅपटॉपवर दाखवले. वयाचा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला आणि खोटे घड्याळ ३१ मे २०२६ वर ठेवले. १ जून १९४६ ला जन्मलेल्याचे वय आले ७९. बरोबर. मग घड्याळ ३१ मे २०२४ वर नेले आणि आजोबांची तारीख दिली. वय आले ८०! एक दिवस आधीच.

उत्तर इतिहासात होते. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताची घड्याळे एक तास पुढे होती. ग्रीनिचपेक्षा साडेपाच नव्हे, साडेसहा तासांनी. अनेक प्रोग्रॅम तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र असे धरतात आणि ती ग्रीनिचच्या वेळेत साठवतात. १ जून १९४४ ची मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचचे ३१ मे, सायंकाळचे साडेपाच. परत आणताना युद्धकाळाची आठवण न ठेवता साडेपाचच तास मिळवले, की होतात ३१ मेचे रात्रीचे अकरा. मागे पडला एक तास. कागदावर मात्र दिवस बदलला.

"मामा, मुळात प्रोग्रॅमने घड्याळाला विचारूच नये," भाची म्हणाली. "आज कोणता, हे त्याला बाहेरून सांगावं. मग हवा तो आज देऊन त्याला तपासता येतं. आणि जन्मतारखेला तर मध्यरात्र चिकटवूच नये." कादंबरी शिकवताना निवेदक कोणत्या 'आज'वर उभा राहून बोलतो आहे, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला मला दोन-तीन तास लागतात. तिने ते तीन वाक्यांत सांगितले. आमच्या समीक्षेच्या परिभाषेला या धंद्याकडून थोडी शिस्त घेता आली तर हरकत नसावी. असो.

हा सगळा खुलासा कार्यालयाच्या उपयोगाचा नव्हता; तिथे हवे होते प्रतिज्ञापत्र. टंकलेखकाने ठरलेला मजकूर काढून दिला : 'माझी खरी जन्मतारीख १ जून १९४४ आहे.' वडिलांनी तो दोनदा वाचला. त्यांचा जन्म भर पावसात, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे झाला, असे आजी सांगत असे. त्यांनी 'खरी' हा शब्द खोडला, वर 'शाळेच्या नोंदीतील' असे लिहिले, खाडाखोडीवर सही केली आणि मग खाली.