आजीनं ऐकलेली ग्रामगीता

माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, आणि मला वाचायला शिकवलं ते तिनंच. शाळेत बाराखडी झाली, पाढे झाले, पण पानामागून पान न थांबता वाचत जाणं, अर्थ लागेपर्यंत ओळ न सोडणं, हे मी आमच्या छपरीत, कंदिलाच्या उजेडात, तिच्या शेजारी बसून शिकले. आज मी जे काही लिहिते त्याचं मूळ तिथं आहे.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, असोलामेंढ्याच्या नहराखालचं. नहराला पाणी सुटलं की बांध्या भरायच्या आणि घरातली सगळी बायकामाणसं रोवण्याला निघायची. दिवसभर चिखलात वाकून आलेली आजी संध्याकाळी हातपाय धुऊन मारुतीच्या देवळापुढं सामुदायिक प्रार्थनेला जायची. प्रार्थना आटोपली की घरी येऊन लाल फडक्यात बांधलेली ग्रामगीता माझ्यापुढं ठेवायची. आधी आबाजी तिला वाचून दाखवत. ते गेल्यावर घरात स्पष्ट वाचणारी मीच होते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1955 साली ग्रामगीता प्रसिद्ध केली. तिचे एक्केचाळीस अध्याय. आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचो आणि संपले की पुन्हा पहिल्यावर यायचो. आबाजींच्या तोंडून इतकी वर्षं ऐकल्यामुळं आजीला बहुतेक ओव्या पाठ होत्या. कंदिलाच्या उजेडात माझी नजर खालच्या ओळीवर घसरली की तिचा हात गुडघ्यावर थांबायचा. "एक ओवी गिरलीस वो पोरी. मांगं जाय." मी मागं जायची. ओवी सापडायची आणि तिचा हात पुन्हा ताल धरायचा.

श्रमसंपत्तीचा अध्याय आला की ती मधेच थांबवून विचारायची, आज आपल्या बांधीत किती बाया होत्या, त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी स्वतःचे धान आहेत. मी मोजून सांगायची. उत्तर ऐकून ती काही बोलत नसे. मात्र चुकारा करायच्या दिवशी तिच्या हातून माप कधी सपाट भरलं गेलं नाही, पायलीवर धानाची शीग ठेवूनच ती द्यायची. पोथीतला शब्द आणि पायलीवरची शीग यांचा संबंध मला कोणी समजावून सांगितला नाही. तो मला दिसत होता.

तिचं माहेर चिमूरचं. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं तेव्हा ती सातेक वर्षांची होती. महाराजांच्या खंजिरी भजनांनी त्या वर्षी हा सारा मुलूख जागा केला होता. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर लष्कर गावात शिरलं. पुरुष पकडले गेले किंवा रानात पळाले. घरात उरल्या त्या बाया. त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केलं. ऑगस्टच्या अखेरीस महाराजांनाही चंद्रपुरात अटक झाली आणि पुढं नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

हे सगळं मी पुढं पुस्तकांत वाचलं. आजी त्याबद्दल फार थोडं बोलायची. आईनं तिला धानाच्या कोठीमागं बसवून वरून पोती टाकली होती, एवढंच. नागपंचमीला आमच्या घरी इतरांसारखे पदार्थ व्हायचे, सगळे जेवायचे, पण ती त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेत नसे. विचारलं तर म्हणायची, "तुमी जेवा. माहा वेगळा उपास हाये." हा उपास कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही. तो तिनं चिमूरच्या बायांसाठी आपल्या मनानं धरला होता आणि मरेपर्यंत सोडला नाही. मला तिच्या साऱ्या व्रतांत हे सर्वांत मोठं वाटतं.

चैतात मोहफुलं पडू लागली की ती पहाटे टोपली घेऊन निघायची आणि मला सोबत न्यायची. मोहाखालचा पाला पेटवून दिला की फुलं चटकन दिसतात, म्हणून पुष्कळ लोक आग लावतात. ती आग मग रानात शिरते. आजी खराटा घेऊन जायची आणि पाला झाडून जागा साफ करायची. वेळ दुप्पट लागायचा. पहिली ओंजळ वाटेवरच्या वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी ठेवायची, मगच टोपलीला हात. ब्रह्मपुरी वनविभागात आता वाघ वाढले आहेत, मोहफुलं वेचताना माणसं मारली जातात, आणि वाकलेल्या बाईच्या मागं कोणाला तरी उभं राहावं लागतं. त्या काळीही भीती होतीच. मला पाठीशी उभं करून ती वेचायची, आणि मी उभ्या उभ्या आदल्या रात्रीच्या ओव्या मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे पाठांतरही होई आणि माणसाचा आवाजही राही.

महाशिवरात्रीला मार्कंडा ठरलेलं. आमच्या बाजूनं गेलं की मधे वैनगंगा. रेतीतून चालत, जिथं पाणी असेल तिथं डोंग्यातून पलीकडं जायचं. नदी इथं वळून उत्तरेकडं वाहते, म्हणून या काठाला काशीचा मान. मंदिरांच्या भिंतींवरच्या मूर्ती बघायला लांबून अभ्यासक येतात, आजीला मात्र त्यातली गोष्ट हवी असायची. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय पिंडीला मिठी मारतो, आणि यमाचा फास पडतो तेव्हा महादेव त्याला सोडवतो. आजीची दोन लेकरं तापानं गेली होती. ती गोष्ट सांगून झाली की ती नेहमी एकच वाक्य जोडायची: "देवानं एक पोरगा वाचवला. बाकीचे आपल्यालेच वाचवा लागते." आणि तिचं हे नुसतं बोलणं नव्हतं. गावात नर्सबाई लस घेऊन आल्या की पोरं लपवणाऱ्या घरांतून पोरं काढून आणणारी आजीच असे. कोणाचं लेकरू तापलं की अंगाऱ्याला ती नाही म्हणत नसे, पण बैलगाडीही तीच जुंपायला लावायची.

दहावीनंतर माझं लग्न ठरवायचं घरात चाललं होतं. स्थळ बरं होतं, शेती होती. आजीनं कोणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी पोथी ठेवली, क्रमानं दुसराच अध्याय असताना महिलोन्नतीचा काढायला सांगितला, आणि घरातल्या सगळ्यांना बसवून घेतलं. मी वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. बाबा उठून बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, ब्रह्मपुरीला खोलीचं भाडं किती पडेल ते विचारून येतो. पहिल्या वर्षाच्या फीला तिच्या गळ्यातली चांदीची सरी गेली. ती सरी मला नंतर करून देता आली असती, मी विचारलंही. तिनं घेतली नाही.

जाण्याच्या वर्षभर आधी तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझी तेरवी करू नका. ग्रामगीतेत अंत्यसंस्काराचा अध्याय आहे. मेलेल्यासाठी जिवंत माणसानं कर्ज काढून पंगती उठवाव्यात हे महाराजांना मान्य नव्हतं, तिलाही नव्हतं. तरी ती गेल्यावर भाऊबंद जमले आणि वाद झालाच. एवढ्या देवभक्त बाईची तेरवी नाही, तर लोक काय म्हणतील? काकांनी शेवटी तिचे शब्द होते तसे बोलून दाखवले. प्रार्थना झाली आणि जेवणावळीचे पैसे बाजूला काढले.

त्यातून प्रार्थना मंदिरात एक लोखंडी कपाट आणि पुस्तकं आली. यादी मी केली. बायांनी पहिली मागणी केली ती मोठ्या अक्षरांतल्या ग्रामगीतेची, ती नागपूरहून आणली. बाकी मुलांच्या गोष्टी, शेतीची पुस्तकं, पोलीस भरतीची पुस्तकं. कपाटाची किल्ली कोणाकडं ठेवायची यावर पहिल्या बैठकीत बराच वेळ गेला. ती अंगणवाडी सेविकेकडं दिली आहे, कारण तिच्या घराला दिवसा कधी कुलूप नसतं.