पट्टा

बाहुबलीच्या टेकडीच्या निम्म्या पायऱ्या चढून झाल्या होत्या, तोच खांद्यावरचे ओझे एकाएकी हलके झाले. पट्टा तुटला होता. पिशवी पायरीवर आपटली, अक्षतांची डबी उघडून तांदूळ खालच्या तीन पायऱ्यांवर विखुरले आणि वेष्टनात गुंडाळलेला ‘रत्नकरंड श्रावकाचार’ माझ्या पायांशी येऊन पडला. शास्त्र असे पायांशी पडणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मी ते उचलून मस्तकी लावले, बाजूला उभी राहून नऊ वेळा णमोकार म्हणत कायोत्सर्ग केला आणि मग तांदळाचा दाणा न् दाणा वेचला. दाण्यांवर मुंग्या जमल्या असत्या आणि चढणाऱ्यांच्या पायांखाली गेल्या असत्या. वर जाऊन दर्शन घेतले. खाली उतरून 28 फुटी बाहुबलींसमोर कितीतरी वेळ बसले, तरी मन त्या तुटलेल्या पट्ट्यातच अडकून राहिले होते.

शास्त्र आईचे होते. पिशवी मी शिवलेली होती, आणि तीही आईच्या लुगड्याची.

आमच्या आईने आयुष्यात पर्स वापरली नाही. मंदिरात चामडे न्यायचे नाही, हा नियम तिने घराबाहेरच्या सगळ्याच जगाला लावला होता. “हे चामडे नाही, रेक्झिन आहे,” असे दुकानदाराने सांगितले, तर ती म्हणे, “तुम्ही सांगता म्हणून खरे असेल, पण मला रोज विचारत बसायला नको.” तिच्या सुती पिशवीत अक्षतांची डबी, बदाम-लवंगा, जपमाळ, शास्त्र आणि प्रवासात पाणी गाळण्यासाठी घडी घातलेले गाळणे एवढेच असे. पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र या तीन उपकरणांपलीकडे मुनींना काही लागत नाही, आपल्याला मात्र पिशवी लागते. तेवढा परिग्रह अजून सुटला नाही, असे ती हसत म्हणायची. हसणे खरे होते आणि खंतही खरी होती.

ती गेल्यावर ट्रंकेत तीन लुगडी निघाली. रेशमी एकही नव्हते. कोश उकळून धागा काढतात हे समजल्यापासून तिने रेशीम वर्ज्य केले होते आणि लग्नातला शालूही कधीच देऊन टाकला होता. राहिली ती इचलकरंजीची सुती नऊवारी लुगडी. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर त्या गावाच्या लुगड्यांनी आमच्या भागातल्या किती पिढ्यांना नेसवले असेल! आईला त्या कापडाचा अभिमान होता. नवे लुगडे दोन धुण्यांनंतर अंगाशी बोलू लागते, असे ती म्हणे.

धाकटी बहीण सांगलीला असते. लुगड्याची पिशवी करते, असे मी फोनवर सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आक्का, कात्री लावू नकोस. राहू दे घडी घालून.” मी तिला अपरिग्रहावर चार वाक्ये ऐकवली. ट्रंकेत कुजत ठेवण्यापेक्षा वापरात आणावे, आई असती तर तिनेही हेच केले असते, वगैरे. आता वाटते, त्या वाक्यांत अपरिग्रह कमी आणि माझा हट्ट जास्त होता. फोन ठेवला आणि त्याच दुपारी कात्री चालवली.

दशलक्षण पर्वाआधी पिशवी पुरी व्हावी म्हणून मी घाई केली. शिंपी शिवणीसाठी जे जास्तीचे कापड सोडतात त्याला माया म्हणतात. मी ती जेमतेम पाव इंच सोडली. काठाची पट्टी दुहेरी दुमडून पट्टा केला आणि पिशवीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक टीप मारून मोकळी झाले. दिसायला पिशवी सुरेख झाली होती. मंदिरात दोघींनी विचारले, तेव्हा “घरीच केली” हे मी जरा मोठ्यानेच सांगितले.

बाहुबलीची हकिकत बहिणीला सांगायची नाही असे ठरवले होते, पण तिसऱ्या दिवशी सांगून टाकली. ती काहीच बोलली नाही. रविवारी सकाळच्या एस.टी.ने घरी आली आणि पिशवी मांडीवर घेऊन उसवायला बसली. टाके काढता काढता तिचा हात थांबला. जिथे पट्टा तुटला होता, तिथे आतल्या घडीत रफू होते. आईचे बारीक, एकमेकांत गुंफलेले टाके. लुगडे केव्हातरी खिळ्याला अडकून फाटले असेल आणि तिने ते भरून काढले असेल. बहीण म्हणाली, “तुला हे दिसले नव्हते?” दिसले होते. मंदिरात कोणाला रफू दिसू नये म्हणून मीच ते घडीच्या आत लपवले होते आणि नेमका सगळा भार त्याच जागेवर दिला होता. हे मी तिला सांगितले. पायरीवरच्या कायोत्सर्गात जे उमगले नव्हते, ते तिथे, चिंध्यांच्या ढिगाजवळ बसून कबूल केले.

दुसरी पिशवी आम्ही दोघींनी मिळून शिवली. जुने सूत एकट्याने भार पेलणार नाही, म्हणून आत मांजरपाटाचे अस्तर घ्यायचे ठरले. मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून तो रात्रभर गाळलेल्या पाण्यात भिजवून वाळवला आणि इस्त्री केली. पुढचा व मागचा तुकडा 14 इंच रुंद आणि 15 इंच लांब. खरी युक्ती पट्ट्यात आहे. तो वेगळा शिवून तोंडाशी लावायचाच नाही. एकच लांब पट्टी खांद्यावरून खाली येते, पिशवीची एक बाजू होते, तळाखालून जाते, दुसरी बाजू होऊन पुन्हा खांद्याकडे चढते. मग ओझे टाक्यांना लोंबकळत नाही, पट्टीवर बसते. दोन बाजूंचे 30 इंच, तळाचे 14, खांद्यासाठी 40 आणि तळाखाली टोकावर टोक चढवून शिवायला 6, असे 90 इंच झाले. म्हणजे बरोबर अडीच वार. नऊवारीच्या काठातून एवढी पट्टी सलग, मध्ये जोड न घेता निघते आणि काठ उभ्या धाग्याचा असल्यामुळे ताणत नाही. मशीनला 16 नंबरची सुई लावली. माया या वेळी पाऊण इंच सोडली.

एक गोष्ट बहिणीने सुचवली. पिशवीच्या कोपऱ्यांत तांदळाचे दाणे आणि कणी साचते, त्यात किडे होतात आणि मग झटकताना नको ते घडते. म्हणून आतल्या सगळ्या कडा दुमडून शिवणीतच बंद केल्या, एकही फट ठेवली नाही. दर आठवड्याला पिशवी उलटी करून, नीट पाहून, उन्हात हळू झटकायची.

रफूचा तुकडा तिने वेगळा काढून ठेवला होता. तो कुठे लावायचा यावर थोडा वाद झाला. आतल्या खिशाला लावू, असे मी म्हणाले. तिने ऐकले नाही. शेवटी जपमाळेचा खिसा समोर बाहेरच्या बाजूला घेतला आणि त्यावर रफू उजेडात आले. तिथे भार काहीच पडत नाही.

शिवून झाल्यावर बहिणीने पिशवीत पाच किलो तांदूळ भरले आणि ती दाराच्या खुंटीला अडकवली. रात्री मी दोनदा उठून पाहून आले. सकाळी पट्टी तळाशी किंचित ताणलेली दिसली. टाका एकही सुटला नव्हता. तांदूळ काढून, पिशवी झटकून आम्ही आईचे शास्त्र नव्या वेष्टनात गुंडाळून आत ठेवले.

दुपारच्या एस.टी.ला अजून तासभर होता. बहिणीने उरलेले लुगडे पुढ्यात ओढले, काठावरून हात फिरवला आणि माझ्याकडे कात्री मागितली.