दाभोळला एक रात्र थांबा

व्हेनिसचे फोटो आता आपल्या घरांतल्या मोबाइलवरही येतात. आखातात नोकरीला असलेला एखादा भाचा सुटीत तिकडे जाऊन येतो आणि मग मुले विचारतात, असे पाण्यावरचे शहर आपल्याकडे नाही का? कालव्यांचे शहर नाही. पण ज्या मिरी-मसाल्याच्या व्यापारावर व्हेनिस श्रीमंत झाले, त्या व्यापाराचे एक जुने बंदर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ.

रत्नागिरीहून जाणाऱ्यांनी चिपळूणचा फेरा टाळावा. जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढावे, शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळला उतरावे. पुढे हेदवी, गुहागर करीत धोपावे. तिथे दुसरी फेरीबोट, आणि समोर दाभोळ. दोन खाड्या अशा ओलांडल्या की मुलांना व्हेनिसची आठवण राहत नाही.

धक्क्यापासून जवळच शाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, माँसाहेबांची मशीदही म्हणतात. चार मिनार, मधोमध विजापुरी धाटणीचा घुमट, सुमारे ७५ फूट उंच. विजापूरची शहजादी आयेशाबीबी १६५९च्या सुमारास हजला निघून दाभोळला आली, पण समुद्राचा प्रवास पुढे होऊ शकला नाही. सोबत मोठा खजिना होता. काझी आणि मौलवींनी सल्ला दिला की हा पैसा अल्लाहच्या घरासाठी खर्च करा. कामिलखान नावाच्या कारागिराने चार वर्षांत काम पुरे केले, असे सांगतात. मक्केला न पोहोचलेल्या त्या मुसाफिर बाईचे नाव साडेतीनशे वर्षांनंतरही गावात घेतले जाते. महिलांनी नमाजच्या वेळा सोडून, तिथल्या मंडळींना विचारून आत जावे. आणि मिनारावर नावे कोरणाऱ्या मुलांना वेळीच आवरावे.

मशिदीच्या आधीही दाभोळ मोठेच होते. पुढे बहामनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान इराणहून याच बंदरात उतरला. रशियन व्यापारी निकितिन परतीला येथूनच जहाजात बसला. अरबस्तानचे घोडे येथे उतरत. इटलीचा वार्थेमा दाभोळ पाहून गेला आणि १५०८च्या नोव्हेंबरात व्हेनिसच्या दरबारात त्याने हिंदुस्थानच्या प्रवासाची हकीगत सांगितली. त्याच डिसेंबरच्या अखेरीस पोर्तुगीज अल्मेडाने दाभोळ जाळले.

व्हेनिसने मुसलमान व्यापाऱ्यांसाठी १६२१पासून एक वाडा राखला होता, ‘फोंदाको देई तुर्की’. राहायच्या खोल्या, मालाची कोठारे, नमाजची जागा, सगळे एका छपराखाली. ‘फोंदाको’ हा शब्दच आपल्या अरबी ‘फुंदुक’वरून गेलेला, म्हणजे मुसाफिरखाना. आज दाभोळला नेमका तोच कमी पडतो. फेरीबोटीतून उतरलेल्या गाड्या न थांबता दापोलीकडे निघून जातात. व्हेनिसने २०२४मध्ये एका दिवसापुरते येणाऱ्यांवर पाच युरोंचे शुल्क लावले, कारण न राहता जाणारे पाहुणे गावाला फक्त गर्दी देतात. दाभोळला तर गर्दीही मिळत नाही! एन्रॉनच्या वेळी नाव जगभर झाले, पण तो प्रकल्पही खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात.

मुक्कामाची मोठी सोय दापोली किंवा गुहागरला आहे, दाभोळात साधी. तरी ओळखपाळख काढून गावातच एक रात्र राहावे असे मला वाटते. आपल्या कोकणी मुसलमानांत कुठे ना कुठे सोयरीक निघतेच. जेवायला हॉटेल शोधत बसू नये. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर घरगुती तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणाचे मासळीचे सालन आणि जमले तर सांदण मिळते. मासळी सकाळी धक्क्यावरून आपणच घेऊन दिली तर अधिक बरे. पावसाळ्यात निघण्याआधी दोन्ही फेरीबोटी चालू आहेत का, याची चौकशी करावी, आणि परतीला शेवटची फेरी किती वाजता सुटते तेही विचारून ठेवावे.