दगडाची खालची बाजू

मालवण,
सोमवार

चि. अनिकेत,


पत्र आणि तुझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचे फोटो पोचले. तुझे प्रश्न दोन. चार फुटी टाकीतली दगडांची रचना मोडून नवी करावी का, आणि दिवाळीत इकडे आलास की मालवणच्या समुद्रातून तीन-चार चांगले लाइव्ह रॉक, म्हणजे जीव धरलेले प्रवाळांचे दगड, पुण्याला नेता येतील का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. नाही.

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्यापुढे वाघ आणि प्रवाळ एकाच पंक्तीला बसतात. जिवंत प्रवाळ सोडच, किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा तुकडाही पिशवीत घालायचा नाही. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. आपल्याकडचे प्रवाळ लक्षद्वीपसारखे फांद्याफांद्यांचे नाहीत. पोरायटिस, फेविटिस अशा जातींचे ठेंगणे, गोलसर गड्डे आहेत. दर पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी सोसत ते मिलिमीटरांच्या हिशेबाने वाढतात. तू हातोडीच्या एका घावात जे काढशील, ते भरून यायला कित्येक वर्षं जातील.

फ्लोरिडात पूर्वी हौशी लोकांसाठी समुद्रातून असे दगड बेसुमार उपसले जात. नव्वदच्या दशकात तिथे बंदी आली. मग लोकांनी वेगळा मार्ग काढला. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक विकत घ्यायचा, भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकायचा, आणि काही वर्षांनी त्यावर जीव धरला की वर काढायचा. तुला तर तेवढंही करायला नको. कोरडा, सच्छिद्र चुनखडीचा दगड दुकानात मिळतो. तो टाकीतल्या जुन्या दगडांच्या शेजारी ठेव. जुन्यावरचे जिवाणू आणि किडेमुंग्यांएवढे जीव आपणहून नव्यावर जातील. समुद्रात कुठलाही कठीण पृष्ठभाग रिकामा राहत नाही. नौदलाच्या सेवेतून २०२४ साली निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवून तिचं कृत्रिम प्रवाळस्थान करायचं, ही योजना याच भरवशावर आखली आहे. फक्त घाई चालत नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. जिवंत दगड टाकीत ठेवायची पद्धत रूढ केली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. समुद्राचं पाणी, जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. दगडच गाळणीचं काम करतो. माशांच्या विष्ठेतून निघालेला अमोनिया दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू लागतो. दगडाच्या आतल्या बारीक भोकांत प्राणवायू पोचत नाही. तिथले दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवतात. एकाच दगडात दोन खाती, आणि दोन्ही पाण्याच्या प्रवाहावर अवलंबून.

तुझ्या फोटोत सगळे दगड मागच्या काचेला टेकवून भिंत रचली आहे. त्या भिंतीमागे पाणी फिरत नाही, घाण तिथेच साचते, आणि नायट्रेट उतरत नाही ही तुझी तक्रार तिथूनच सुरू होते. तेव्हा रचना बदल. मामी म्हणते, ‘आसत थंयच बरे आसत ते.’ टाकी नुसती दिसायला कंटाळवाणी झाली असती, तर मी मामीच्या बाजूने उभा राहिलो असतो.

कॉलेजात शिकवत असताना मी मुलांना ओहोटीला इथल्या रॉक गार्डनच्या खडपांवर नेत असे, तेव्हाचा पहिला नियम असा होता: दगड उलटलास तर तसाच पुन्हा पालथा घाल. वरच्या बाजूला उजेड खाणारं शेवाळ असतं. खालच्या बाजूला स्पंज, ब्रिटल स्टार, खेकड्यांची पिल्लं, नळ्यांत राहणारे किडे असतात. सगळे उजेड टाळणारे. दगड उलटा राहिला तर वरचे अंधारात मरतात आणि खालचे उन्हात. टाकीत हेच घडतं आणि वर मेलेल्या जिवांचा अमोनिया टाकीतल्या सगळ्यांना भोगावा लागतो. म्हणून दगडाची जागा खुशाल बदल, बाजू बदलू नकोस. काढण्याआधी प्रत्येक दगडाचा फोटो घे, वर कोणती बाजू होती ते लिहून ठेव.

खारं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेव. क्षारता आणि तापमान टाकीइतकंच हवं. दगड टाकीतल्याच पाण्याच्या बादल्यांत ठेव, पाणी फिरतं राहील असा छोटा पंप त्यात सोड. जुनी वाळू ढवळू नकोस. खालचा थर काळा असेल आणि सडक्या अंड्यांचा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड. त्याने मासे मरतात. साचलेली घाण नळीने ओढून बाहेर काढ. पायाचे दगड थेट तळाच्या काचेवर टेकव, वाळू नंतर भोवती लोट. वाळूवर दगड ठेवलास तर बिळं करणारी कोळंबी त्याखालची वाळू उपसेल आणि एखाद्या रात्री सगळा डोलारा कोसळेल. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. तू टाकीत शिशाच्या जवळपासही जाऊ नकोस. मत्स्यालयाचं इपॉक्सी पुरेसं आहे. भिंतीऐवजी दोन बेटं कर, मध्ये वाट ठेव, आणि चारही काचांपासून हात जाईल एवढं अंतर सोड.

तुझा तो दांडगट डॅमसेल मासा नव्या माशांना जगू देत नाही म्हणतोस. रचना बदलली की त्याच्या हद्दीच्या खुणाच पुसल्या जातात आणि काही दिवस तोही पाहुण्यासारखा वागतो. नवा मासा सोडायचा तर तेव्हाच सोड, पण अमोनिया शून्य आहे हे तपासून.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. तुझ्या उजवीकडच्या दगडावर झोअँथिडची, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या जिवांची, गादी आहे. आपल्या खडपांवरही ओहोटीला तिच्या नात्यातल्या हिरवट-तपकिरी गाद्या उघड्या पडतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी ते एक. हातमोजे आणि चष्मा घालूनच त्या दगडाला हात लाव. तो ब्रशने घासू नकोस, गरम पाणी ओतू नकोस, आणि कोणताही जिवंत दगड कधीही उकळू नकोस. वाफेतून विष फुप्फुसात गेल्याने घरंच्या घरं इस्पितळात गेल्याची उदाहरणं परदेशात आहेत.

झोअँथिडही आहे त्या उजेडाला सरावलेले असतात. खालचा दगड एकदम दिव्याखाली आणलास तर आठवड्यात पांढरा पडेल. पहिले काही दिवस दिव्याचा वेळ कमी ठेव, मग हळूहळू वाढव. अमोनिया रोज मोज.

उरलेला दगड, शेवाळ, नकोसा मासा यातलं काही दिवाळीत इथे समुद्रात सोडायला आणू नकोस. मोनॅकोच्या समुद्री संग्रहालयाजवळ १९८४ साली कॉलर्पा शेवाळाचा एक छोटासा ठिपका दिसला, आणि पुढे त्याने भूमध्य समुद्राच्या तळाचे मैलच्या मैल झाकले. उरलेलं दुसऱ्या टाकीवाल्याला दे.

काम झालं की त्याच संध्याकाळी फोटो पाठवशील, हे मी ओळखून आहे. तो नको. त्या दिवशी टाकीत दिसेल ती फक्त तुझी रचना. सहा महिन्यांनी पाठव, म्हणजे त्या दगडांवर राहणाऱ्यांना ती पटली की नाही, ते मला कळेल.

तुझा,
मामा