प्यूजो 206, तुझ्या शेवटच्या चेहऱ्याविषयी

प्रिय 206,

2009 साली तुझ्या नावामागे ‘प्लस’ लागलं आणि तुझं तोंड बदललं. तो निर्णय मला अर्धाच पटला, म्हणून हे पत्र.

आधी पटलेलं सांगतो. 2006 मध्ये 207 आली ती तुझ्यापेक्षा सुमारे वीस सेंटिमीटर लांब, अंगाने जड आणि महाग. ज्यांना शहरात फिरायला छोटी, साधी गाडी हवी होती त्यांच्यासाठी तूच योग्य होतीस. तुला मोडीत न काढता कंपनीने 1.1 आणि 1.4 लिटरची पेट्रोल इंजिनं, लहान डिझेल इंजिन आणि कमी किंमत ठेवून तुला उभं ठेवलं. तुझी दुखणी, मागच्या ॲक्सलच्या झिजणाऱ्या बेअरिंगांसकट, युरोपातल्या मेकॅनिकांना पाठ होती. बेताच्या कमाईच्या माणसाला याचा केवढा आधार असतो!

पण तोंड? भारतातला एक तरुण आपली ॲम्बेसेडर भिंतीवर आदळतो, तिच्यावर हत्ती बसवतो आणि ठोकून ठोकून तिला तुझं रूप देऊ पाहतो, ही तुझी जाहिरात जगभर गाजली. त्याचा जीव जडला होता तो तुझ्या रूपावर. 1998 मध्ये तू आलीस तेव्हा बॉनेटच्या कडेने मागे ओढलेले तुझे लांबट दिवे पाहून गाडी उभी असतानाही निघाल्यासारखी वाटे. त्याच रूपाने तू रॅलीत उतरलीस, 2000 ते 2002 सलग तीन वर्षं कंपनीला जागतिक अजिंक्यपद दिलंस, मार्कुस ग्रॉनहोल्मला दोनदा जगज्जेता केलंस.

प्लसमध्ये त्या जागी 207 चं रुंद तोंड बसवलं. दारं, छप्पर, काचा मात्र जुन्याच. पत्र्याचे मोठे साचे बदलणं खर्चाचं असतं, हे मला कळतं. तरी नाकाकडून निघालेली रेघ दाराशी येऊन अडखळते, ती दिसतेच. त्यापेक्षा काहीही न बदलता तुला विकलं असतं तर अधिक शोभलं असतं.

ब्राझीलमध्ये तर हेच तोंड लावून तुला 207 म्हणूनच विकलं. फ्रान्समध्ये निदान तुझं नाव तुझ्याकडे राहिलं. आणि इराणमध्ये, इराण खोद्रोच्या कारखान्यातून, ते मूळचे लांबट दिवे लावलेली 206 त्यानंतरही कित्येक वर्षं बाहेर पडत होती, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुझा,
एक चाहता