टाचणवहीतला आलेख

१९८४ साली बीएडला गणित ही अध्यापन पद्धती घेतली की पहिल्याच महिन्यात दोन गुंडाळी फलक करून घ्यावे लागत. एक साधा काळा, दुसरा आलेखाचा. आलेखाचा फलक दुकानात मिळे, पण महाग पडे, म्हणून वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही तो घरच्या घरी आखत असू. खडूची भुकटी चोळलेला दोरा दोघींनी दोन टोकांना ताणून धरायचा, तिसरीने मधोमध उचलून टिचकी मारायची आणि उमटलेल्या रेघेवरून बारीक ब्रशाने पांढरा ऑइलपेंट ओढायचा. चौकोन सगळीकडे सारखे आले नाहीत तर पुढे पाठाच्या वेळी ‘वाय बरोबर दोन एक्स’ची सरळ रेषा मधेच मुरडायची, आणि शेवटच्या बाकावर बसलेले निरीक्षक ते बरोबर टिपायचे. पाठाच्या दिवशी साडी नेसून, तो फलक काखोटीला मारून एसटीत चढणे ही कला अभ्यासक्रमात नव्हती, पण सगळ्याजणी शिकल्या.

त्याआधी टाचण. पाठ टाचणाच्या वहीत डावीकडे उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, मधे आशय, उजवीकडे शिक्षककृती, विद्यार्थिकृती आणि फलकलेखन. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय अशी ती ठरलेली वाट. हर्बार्टची पंचपदी आणि ब्लूमची उद्दिष्टे यांचा असा संसार आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांनी थाटला होता, की त्या दोघांनाही तो ओळखता आला नसता. प्रस्तावनेचे प्रश्न असे रचायचे की चौथ्या-पाचव्या प्रश्नाला वर्ग गप्प झाला पाहिजे. मग आपण हसून म्हणायचे, ‘‘आज आपण दोन चलांतील समीकरणाच्या आलेखाचा अभ्यास करणार आहोत.’’ सराव शाळेतली पोरे वर्षानुवर्षे असले पाठ सोसून तयार झालेली. कुठे गप्प बसायचे ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत. एकदा एकाने मला मधेच विचारले, ‘‘बाई, संकलन झालं की फळा पुसू का?’’

हे सगळे आठवले की बरे वाटते, हे खरे. पण त्या वर्षभरात फलन कसे शिकवायचे हे मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. गंमत अशी की आपल्या माध्यमिक शाळेत ‘फलन’ नावाचा धडाच नाही. ते नाव अकरावीत भेटते. आठवीत चलन, म्हणजे समचलन आणि व्यस्तचलन; नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि त्यांचे आलेख. म्हणजे दहावीपर्यंतच्या शिक्षकाने नाव न घेता फलनच शिकवायचे असते. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, एकीची किंमत ठरली की दुसरीची ठरतेच का, हा त्यातला जीव. आम्ही शिकवले काय? तीन बिंदूंची सारणी करा, बिंदू स्थापन करा, पट्टीने जोडा. तीनच बिंदू का, आणि मधल्या जागेतून रेघ का ओढायची, हा प्रश्न टाचणाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या मनात आलेखाच्या पाठासाठी एसटीचे तिकीट होते. तेव्हा कंडक्टरच्या हातात तिकिटांची पेटी असायची, खटखट वाजणारा पंच असायचा आणि भाडे टप्प्यावर ठरायचे. टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही टप्प्यात एक किलोमीटर जा नाहीतर पाच, पैसे तेच. सहाच्या पुढे गेलात की एकदम पुढचा आकडा. याचा आलेख काढला तर पायऱ्या पायऱ्यांचा येतो, पट्टीने जोडता येत नाही, आणि नेमका म्हणूनच तो वर्गात हवा होता. मार्गदर्शनाच्या वेळी सरांनी त्यावर लाल रेघ मारली. पुस्तकात असा आलेख नाही, मुले गोंधळतील. मुले खेड्यातून रोज पास काढून त्याच एसटीने येत होती.

सांख्यिकीची कथा याहून मजेदार. शाळेच्या पुस्तकात तो धडा शेवटी शेवटी, त्यामुळे मार्च उजाडला की घाईघाईने सूत्र सांगून हातावेगळा करायचा. पण बीएडच्या आमच्या स्वतःच्या अभ्यासात मात्र सांख्यिकी मानेवर बसलेली. मूल्यमापनाच्या पेपरला मध्यमान, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन, श्रेणी सहसंबंध आणि तो प्रसिद्ध घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र. मराठी आणि इतिहास पद्धतीच्या मुलींना प्रमाण विचलन म्हटले की ताप भरायचा. रात्री आम्ही गणितवाल्या त्यांच्याकडून वर्गमूळे काढून घ्यायचो आणि त्या बदल्यात त्या आमच्या टाचणातले शुद्धलेखन तपासायच्या. वर्गावर घटक चाचणी घ्यायची, गुणांची वारंवारता सारणी करायची, वक्र काढायचा, अहवाल बांधून द्यायचा. चाळीस पोरांच्या वर्गाचा वक्र कधी तरी देखणा येतो का? पण वहीत यायचा. कित्येकांच्या वहीत तर दोन्ही उतार अगदी आरशात पाहिल्यासारखे. मूळ उत्तरपत्रिका कोणी मागायचे नाही, आणि देखण्या वक्राला गुण चांगले पडायचे. माहिती जशी आहे तशी ठेवायची हा सांख्यिकीचा पहिला धर्म. होऊ घातलेल्या शिक्षकांना आपण तो मोडण्याचा सराव रीतसर देत होतो, असे मला आज स्पष्ट वाटते.

आणि सांख्यिकी शिकवायला आपल्याजवळ काय काय होते! पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग उभा करणारे वसंत शंकर हुजूरबाजार मूळचे कोल्हापूरचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी आणि पानसे यांनी मिळून शेतीसंशोधकांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक देशभर वापरले गेले. शेतातला ठरावीक मापाचा तुकडा निवडून पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून अख्ख्या भागाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, हे पीक कापणी प्रयोग म्हणजे नमुना निवडीचा जिवंत पाठ. या प्रयोगांवरून ठरणारी गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली लागली की सवलती मिळतात, हे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात बोलले जायचे. तो तुकडा कोणी निवडला, बांधाकडेचा की मधला, यावर बाप-चुलते तावातावाने भांडायचे. नमुना कसा निवडावा यावर याहून चांगली चर्चा मी पुढे कुठल्या उद्बोधन वर्गात ऐकली नाही. आमच्या टाचणात मात्र ‘एका वर्गातील पन्नास विद्यार्थ्यांची वजने’ एवढेच.

आता निवृत्तीनंतर अधूनमधून पाठ निरीक्षणाला बोलावतात. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचे झाले, छात्रसेवाकाल लांबला, शाळेत सलग आठवडे राहावे लागते. ज्ञानरचनावाद आला, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम सुरू झाले, आणि पुन्हा एक वर्षाचे बीएड आणण्याची चर्चाही कानावर आहे. कागदावरचे हे बदल मी फार मनावर घेत नाही. टाचण अजून आहेच. फक्त आता ते व्हॉट्सॲपवरून येते, आणि दोन वेगळ्या मुलांच्या टाचणात एकच शुद्धलेखनाची चूक सापडते.

पण जिओजेब्रा हे आलेख काढायचे सॉफ्टवेअर मी मनावर घेतले आहे. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टरने २००१ मध्ये साल्झबुर्गला शिकत असताना सुरू केलेले हे काम, आज आमच्या तालुक्यातल्या छात्राध्यापिकेच्या फोनमध्ये आहे, तेही फुकट. नववीच्या वर्गात तिने भिंतीवर रेषा दाखवली. बोटाने एक टिंब सरकवले की रेषेचा चढ बदलतो, दुसरे सरकवले की अख्खी रेषा वर-खाली होते. आम्ही अर्धा तास खर्चून एक रेषा काढायचो, हिने पाच मिनिटांत शंभर दाखवल्या. मागून एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, ही रेघ संपते कुठे?’’ आमच्या काळी याला ‘फलकाच्या कडेला’ एवढेच उत्तर होते. हिने फोन त्या मुलीच्याच हातात दिला. मुलगी चिमटीने चित्र लहान करत गेली, अक्षांवरचे आकडे शंभराचे हजार, हजाराचे लाख झाले आणि रेघ आहेच. शेजारचा म्हणाला, ‘‘बॅटरी संपेपर्यंत आहे.’’ वर्ग हसला, पण मुद्दा सगळ्यांना पोचला होता. असा पाठ मला १९८४ साली पाहायला मिळाला असता तर पुढची कित्येक वर्षे मी वेगळे शिकवले असते.

तिच्याच गटातल्या एका मुलाने वीजबिल घेतले. शंभर युनिटपर्यंत एक दर, एकशेएक ते तीनशेला त्याहून चढा. घरोघरी समज असा, की एकशेएकावे युनिट पडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो. त्याने स्थिर आकार बाजूला ठेवून नुसत्या वीज आकाराचा आलेख काढून घेतला. शंभरावर रेघ उडी मारत नाही, तिथून नुसती जास्त उभी चढते. मग त्याने शेजारी एसटीचे भाडे मांडले, पायऱ्यांचे. मी मनातल्या मनात त्या जुन्या लाल रेघेला नमस्कार केला.

ही पिढी आलेख बघतच मोठी झाली आहे. २०२० साली रोज संध्याकाळी टीव्हीवर रुग्णसंख्येचा चढता वक्र पाहत घरात बसलेली ही मुले. यातल्या काहींची तर २०२१ ची दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण, दहावीचे अंतर्गत मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे गुण अशी ठरावीक भागांत वाटणी करून निकाल लागला. भारित मध्य शिकवायला याहून जवळचे उदाहरण त्यांना कुठे मिळणार? पण मी सुचवेपर्यंत ते एकाच्याही डोक्यात आले नव्हते. आपल्यावर बेतलेले वर्गात आणायचे नसते, हा संस्कार आमच्याकडून त्यांच्याकडे शाबूत पोचला आहे.

माझे खरे दुखणे सांख्यिकीच्या पाठांचे आहे. गूगल फॉर्म पाठवायचा, उत्तरे गोळा झाली की एका टिचकीत रंगीत वृत्तालेख. तोही फुगवलेला, तिरका, त्यामुळे पुढची फाक उगीच मोठी दिसते. फॉर्म कोणाला पाठवला होता? वर्गाच्या ग्रुपवर. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांचे काय? याला उत्तर नसते. ‘आमच्या वर्गातील ९० टक्के मुले मोबाइल वापरतात’ हा निष्कर्ष मोबाइलवरूनच भरून घेतलेल्या फॉर्मवर काढलेला मी पाहिला आहे. तेव्हा वक्र हाताने वाकवत होते, आता तो आपोआप वाकतो आणि वाकवल्याचे कोणाला कळतही नाही. बांधाकडेचा तुकडा की मधला, हे विचारणारा चुलता या वर्गात हवा.

हाताने आलेख काढणे कमी झाले याची हळहळ मला वाटते, पण ती थोडी. जास्त हळहळ पाठानंतरच्या चर्चेची. आमच्या वेळी पाठ संपला की झाडाखाली सगळा गट बसायचा आणि ज्याने पाठ घेतला तो मान खाली घालून ऐकायचा. निरीक्षण वहीत ‘आवाजात चढउतार हवा’ हे वाक्य सगळ्यांनी एकमेकांचे बघून लिहिलेले असले, तरी तोंडी चर्चेत कोणीतरी नेमके विचारायचे, ‘‘तू सारणीत सगळ्या धनच किमती का घेतल्यास?’’ आता अभिप्राय ॲपवर भरायचा असतो. पाचपैकी चार तारे, पुढचा पाठ.

परवा अशाच एका छात्राध्यापिकेशी माझा वाद झाला. दहावीच्या पुस्तकात मध्य काढायच्या तीन रीती आहेत : सरळ पद्धती, गृहीतमध्य पद्धती, मध्यप्रमाण विचलन पद्धती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, हे सगळं कॅल्क्युलेटर नव्हता तेव्हाचं. आता एक्सेलमध्ये एक सूत्र टाकलं की झालं. गृहीतमध्य शिकवायचा कशाला?’’ प्रश्न रास्त होता. आम्ही त्या रीती आकडेमोड हलकी व्हावी म्हणूनच शिकवल्या. पण प्रत्येक संख्येतून तीच एक संख्या वजा करायची, हे एक फलन आहे. मग प्रत्येकीला एकाच ठरावीक संख्येने भागायचे, हे दुसरे. सगळी माहिती त्यातून गेली तर मध्याचे काय होते आणि पसाऱ्याचे काय होते, हा प्रश्न एक्सेल स्वतःहून विचारत नाही. पुस्तकातले आलेख आणि सांख्यिकी हे दोन लांबचे धडे इथे एकमेकांना भेटतात, आणि आम्ही ती भेट कधी होऊ दिली नाही. एवढे बोलून मी गप्प बसले. तिला पटले की नाही ते चेहऱ्यावरून कळेना.

दोन दिवसांनी तिचा पाठ होता. तिने पाच मुलांना पुढे बोलावून उंची मोजली : १४२, १४७, १५१, १४५, १५०. वर्गाला म्हणाली, १४५ धरून चला. वजा तीन, दोन, सहा, शून्य, पाच. बेरीज दहा, पाचाने भागून दोन, म्हणून मध्य १४७. मुलांनी सरळ बेरीज करून पडताळा घेतला. मग तिने त्या पाचही जणांना बाकावर उभे केले. बाक ४५ सेंटिमीटरचा. आता मध्य किती? आठ-दहा जण एकदम ओरडले, १९२. आणि सर्वांत उंच व सर्वांत बुटक्यातला फरक? इथे वर्ग थांबला. एकाने ५४ सांगितले. बाकावरचा बुटका मुलगा शेजाऱ्याकडे मान वर करून बघत म्हणाला, ‘‘नऊच. मी कुठे वाढलोय?’’

निरीक्षणाच्या ॲपवर वर्गनियंत्रणाला तिला मी पाचपैकी तीन दिले, कारण तोवर आणखी सातजण बाकावर चढले होते.